तारलीचा जमाखर्च

मत्स्यव्यवसायाच्या अर्थकारणाविषयी मराठीत जे काही लिहिले जाते ते बहुधा पापलेट, सुरमई आणि कोळंबी यांच्याभोवतीच घोटाळते. निर्यातीचे आकडे तेथे डोळ्यांत भरतात, आणि सरकारी अहवाल उघडणारा माणूस परकीय चलनाचा रकाना सर्वांआधी वाचतो. परंतु रत्नागिरीपासून कन्याकुमारीपर्यंत ज्याच्या येण्याजाण्यावर हजारो घरांतील चूल अवलंबून असते, आणि पोर्तुगालपासून क्रोएशियापर्यंत ज्याच्या भाऊबंदाने शंभर-दीडशे वर्षे कारखाने चालविले, बुडविले आणि काही ठिकाणी पुन्हा उभे केले, त्या तारलीच्या जमाखर्चाकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. मालवणी मुलुखात तारली, मंगळूरकडे बुताई आणि केरळात मत्ती म्हणून ओळखला जाणारा आपला मासा आणि युरोपात सार्डिन म्हणून डब्यात बसणारा मासा हे एकाच कुळातले, जाती मात्र निराळ्या. पण दोघांची प्रकृती इतकी मिळतीजुळती की, एकाच्या बाजारात जे घडले ते दुसऱ्याच्या बाजारास शहाणे करून जावे. ते शहाणपण आपण कितपत घेतले, हा या लेखाचा विषय आहे. आणि माझे मत आरंभीच सांगून टाकावयाचे तर, युरोपाकडून आपण जाळे घेतले, जाळ्यामागची हिशेबाची व्यवस्था घेतली नाही.

हे लिहिणारा माणूस बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात राहतो, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल आत, तापीच्या काठी. दर्गा-ए-हकीमीच्या यात्रेकरूंमुळे या वस्तीला देशोदेशीचे लोक परिचित आहेत, तारली मात्र नाही. तेव्हा या विषयात तोंड घालण्याचा तुमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की, बंदरावर ठरणाऱ्या भावाने दूरच्या कष्टकऱ्याचे काय होते हे या शहराने फार जवळून पाहिले आहे. सतराव्या शतकात येथील कापड सुरतेच्या बंदरातून इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात येथे शाहजादा परवेझच्या दरबारी हजर झाला तो व्यापाराची सवलत मागण्यासाठीच. त्या काळी हिंदुस्थानभरच्या कापडव्यवहारात कारागिराच्या हाती सुताआधी दलालाची दादनी पडत असे. ज्याने रक्कम आगाऊ दिली माल त्याचा, आणि भावही त्याच्याच तोंडचा. मासळीच्या धंद्यात ही चाल आजतागायत मोडलेली नाही, आणि तारलीच्या अर्थकारणाची अर्धी उकल तीतच आहे.

उरलेली अर्धी उकल माशाच्या स्वभावात आहे. आपली तारली जेमतेम दोन-अडीच वर्षे जगते. पावसाळ्यात ती किनाऱ्यालगत अंडी घालते, आणि नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे खालचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येऊन त्यावर सूक्ष्म वनस्पतींचा बहर आला म्हणजे तिचे थवे लठ्ठ होतात. पाऊस, वारा, पाण्याची ऊब यांपैकी एकात बिघाड झाला तरी त्या मोसमाची पिढी उणी पडते, आणि आयुष्य इतके अल्प असल्यामुळे मागील वर्षांची शिल्लक म्हणून फारसे काही हाती नसते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाच्या गाळात थरावर थर साचलेले खवले मोजून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की, मोठी जाळी अस्तित्वात येण्यापूर्वी शतकानुशतके सार्डिनचे थवे असेच वाढत आणि ओसरत आले आहेत. यास्तव मासा नाहीसा झाला की सर्व दोष मच्छीमारावर लादणे अन्यायाचे आहे. परंतु निसर्गाची लहर म्हणून हात झटकून मोकळे होणेही तितकेच अयोग्य. कारण हा मासा थव्याने राहतो. एकंदर साठा निम्म्यावर आला तरी उरलेला मासा दाट थव्यातच सापडतो, आणि नौकेची एका फेरीची कमाई पूर्वीइतकीच भासते. इतर धंद्यांत माल दुर्मिळ झाला की तो मिळविण्याचा खर्च वाढून उत्पादकाला आपोआप इशारा मिळतो, तो इशारा येथे मिळतच नाही. वही शेवटपर्यंत नफा दाखविते आणि मग एके वर्षी पानच कोरे निघते. कॅलिफोर्नियात 1936–37 च्या हंगामात सात लाख टनांहून अधिक सार्डिन पकडली गेली, आणि पुढच्या पंधरा वर्षांत तो धंदा संपुष्टात आला. जॉन स्टाइनबेकच्या 1945 सालच्या कादंबरीमुळे तेथील कारखान्यांची ओळ साहित्यात उरली, एवढेच.

युरोपात सार्डिनला जी किंमत आली ती समुद्रात आली नाही, डब्यात आली. फ्रान्समधील नांत येथे जोझेफ कोलें याने 1820 च्या दशकात तेलातली सार्डिन पत्र्याच्या डब्यात बंद करून विकण्याचा उद्योग सुरू केला, तोवर हा मासा एकतर जवळपास ताजा खपत असे, नाहीतर खारवून पिंपात भरला जात असे. डब्याने त्याच्या नाशाला मुदत घातली, आणि मुदत मिळताच भाव ठरविण्याची सत्ता होडीवरून कारखान्यात गेली. डोके व आतडी काढायची, मिठाच्या पाण्यात ठेवायचे, वाऱ्यावर सुकवायचे, तेलात तळायचे, निथळवायचे, मग एकेक मासा डब्यात उलटसुलट रचून वर ऑलिव्हचे तेल ओतायचे, हे सारे काम ब्रिटनी प्रांतात बायका करीत. मासा पकडण्याचे काम पुरुषांचे. आणि त्या पुरुषांच्या माथी एक विचित्र खर्च होता: थवा वर आणण्यासाठी पाण्यात टाकावयाची कॉड माशाची खारवलेली अंडी, जी नॉर्वेहून पिंपे भरभरून विकत आणावी लागत. मासा मिळो न मिळो, आमिषाचे पैसे गेलेलेच. त्यामुळे मासा फार आला की कारखानदार भाव पाडी, मासा आला नाही की आमिषाची उधारी अंगावर येई. मोठ्या जाळ्यांना ब्रेटन मच्छीमारांनी जो हट्टाने विरोध केला, त्याला पॅरिसच्या वृत्तपत्रांनी अडाणीपणा म्हटले असेल; माझ्या मते त्यात बाजाराचे उत्तम ज्ञान होते. जाळे मोठे झाल्याने आपली मिळकत वाढणार नाही, कारखानदाराचा कच्चा माल स्वस्त होईल, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

1902 पासून काही वर्षे ब्रिटनीच्या किनाऱ्यावर सार्डिन आलीच नाही म्हणावी इतकी कमी आली. उपासमार झाली, वर्गण्या गोळा झाल्या. कारखानदारांनी मात्र भांडवल उचलून पोर्तुगाल व स्पेनची वाट धरली, जेथे त्यांच्यापैकी काहींनी आधीच पाय रोवले होते. मासा चंचल, भांडवल त्याहून चंचल. जागचा हलू शकत नाही तो केवळ मजूर. या मजुरांची कैफियत जगापुढे आली ती 1924 च्या नोव्हेंबरात दुआर्नेने बंदरात. नौका केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे कारखान्यातील बायकांना रात्रीबेरात्री हाका मारून बोलावीत, आणि मासा संपेपर्यंत, प्रसंगी सोळा-सोळा तास, त्या उभ्याने काम करीत. मजुरी तासाला 80 सांतीम. त्यांनी संप पुकारला, गावच्या साम्यवादी महापौराने त्यांची बाजू घेतली, सहा-सात आठवडे कारखाने बंद राहिले, आणि जानेवारी 1925 मध्ये तासाला एक फ्रँक मजुरी व रात्रपाळीचा जादा दर पदरात पाडूनच त्या कामावर परतल्या. त्यांच्यातील जोझेफिन पांकाले ही पुढे नगरपरिषदेवर निवडून आली. परंतु फ्रान्समध्ये स्त्रियांना तेव्हा मताचाच अधिकार नसल्याने तिची निवड रद्दबातल ठरविण्यात आली. सार्डिनच्या डब्याच्या किमतीत मजुरीचा वाटा किती असावा हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी नव्हे, या बायकांनी प्रथम चव्हाट्यावर मांडला.

पोर्तुगालची हकीगत अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण आपल्याला शिकण्यासारखे बरेचसे तेथे आहे. सेतूबल, मातोझिन्यूश, पोर्तिमाँव या बंदरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखाने उभे राहिले. पहिल्या महायुद्धाने लष्करी शिध्याची मागणी निर्माण केली, आणि दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहिलेल्या या देशाने दोन्ही पक्षांना डबे विकले. 1930 च्या दशकात सालाझारच्या राजवटीने सरकारी संस्था नेमून डबे-निर्यातीवर बंदोबस्त बसविला, तेव्हा निर्यातीत या एका मालाचे स्थान किती मोठे होते हे ध्यानात येते. पुढे मजुरी वाढली, मोरोक्कोचा स्वस्त मासा व स्वस्त डबा बाजारात आला, आणि कारखाने एकामागून एक बंद पडले. सेतूबलच्या एका बंद कारखान्यात आज श्रमिकांच्या जीवनाचे संग्रहालय आहे. जे टिकले त्यांनी परिमाणाचा नाद सोडला. जुन्या चित्रांच्या वेष्टनात गुंडाळलेला, हाताने रचलेला डबा आज लिस्बनच्या दुकानांत प्रवाशांना भेटवस्तू म्हणून विकला जातो, आणि जूनमध्ये संत अँटनीच्या सणाला गल्लोगल्ली निखाऱ्यावर भाजली जाणारी ताजी सार्डिन वर्षातला सर्वांत चढा भाव खाते.

परंतु डबा सुधारला म्हणून समुद्र सुधारत नाही. पोर्तुगाल व स्पेन यांच्या सामायिक साठ्याचा अंदाज 2006 मध्ये 1 लाख 6 हजार टन होता. तो 2016 मध्ये 22 हजार टनांवर आला. ज्या प्रमाणपत्रावर युरोपातील मोठी दुकाने माल ठेवतात ते जबाबदार मासेमारीचे प्रमाणपत्र पोर्तुगालच्या सार्डिनला 2010 मध्ये मिळाले होते, ते दोनच वर्षांत स्थगित झाले. 2017 च्या उन्हाळ्यात समुद्र-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, साठा पूर्ववत व्हावयाचा तर पंधरा वर्षे मासेमारी थांबवावी लागेल, अशा आशयाचा निर्वाळा दिला, आणि पोर्तुगालमध्ये एकच गहजब उडाला. सरकारने पूर्ण बंदी मानली नाही, पण जे केले ते बंदीहून कठीण होते. हिवाळा व वसंतात कित्येक महिने मासेमारी बंद. हंगामातही आठवड्याच्या अखेरीस बंद. उरलेल्या दिवशी प्रत्येक नौकेला किती पेट्या मासा आणता येईल त्याची मर्यादा. लहान माशाचा वाटा किती असावा त्याचा निर्बंध. आणि बसलेल्या खलाशांना काही भरपाई. 2019 साली दोन्ही देशांची मिळून वार्षिक मर्यादा दहा-अकरा हजार टनांपर्यंत खाली आली होती. पुढल्या तीन-चार वर्षांत लहान माशांची भरती अपेक्षेहून चांगली झाली, मर्यादा पायरीपायरीने चढली, 2025 मध्ये एकट्या पोर्तुगालचा वाटा 34 हजार टनांच्या आसपास पोचला, आणि गमावलेले प्रमाणपत्र त्याच वर्षी परत मिळाले. यात निसर्गाने हात दिला हे उघड आहे. तथापि निसर्गाने हात पुढे केला तेव्हा तो धरण्यासाठी समुद्रात पुरेसा मासा शिल्लक होता, हे श्रेय कारभाराचे.

येथे एका गोष्टीकडे वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. युरोपीय संघ कित्येक माशांचे कोटे ब्रुसेल्समध्ये बसून ठरवितो; या सार्डिनचा कोटा मात्र पोर्तुगाल व स्पेन आपसांतल्या तहाने, साधारण दोन-तृतीयांश आणि एक-तृतीयांश, असा वाटून घेतात, आणि पोर्तुगालच्या आत त्याची विभागणी मच्छीमारांच्या उत्पादक-संघांकडे सोपविलेली आहे. मासा किनाऱ्याला लागला की त्याची पहिली विक्री सरकारी कंपनीच्या लिलावघरातच झाली पाहिजे, असा तेथील दंडक आहे. तेथे माल तोलला जातो, आकारमानाने वेगळा केला जातो, दराचा आकडा वरून खाली उतरत जातो, आणि ज्याने तो प्रथम थांबविला माल त्याचा. कोणत्या नौकेने किती किलो, कोणत्या आकाराचा, किती भावाने विकला, याची नोंद तत्क्षणी दप्तरात जाते. दिवसाची मर्यादा पाळली गेली की नाही हे तपासण्यास समुद्रात गस्तीची नौका धाडावी लागत नाही, कारण माल ज्या दारातून बाहेर पडतो ते दारच मुळी एक आहे. मर्यादा घातल्याने मासा कमी आला तेव्हा भाव वाढला, आणि तो वाढलेला भाव उघड्या लिलावामुळे नौकेपर्यंत पोचला. तसे झाले नसते तर एकाही तांडेलाने ती मर्यादा दोन महिनेही पाळली नसती.

युरोपातील इतर देशांचा आढावा थोडक्यात घेतला तरी चालेल. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात कारखानदारी आज मुख्यतः ट्यूना व शिंपल्यांवर चालते, तरी बोटभर लांबीच्या सार्डिनचे डबे तेथे मोठ्या माशाहून महाग विकले जातात. लहान मासा म्हणजे हलका मासा हा नियम खवय्यांनी खोटा ठरविला आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये हाच मासा शतकानुशतके खारवून इटलीला उपासाच्या दिवसांसाठी जात असे, पुढे त्याचे गिऱ्हाईकच सरले. मग त्याला ‘कॉर्निश सार्डिन’ म्हणून नव्याने बाजारात आणण्यात आले, 2009 मध्ये भौगोलिक संकेताचे संरक्षण मिळाले, आणि जुनाच मासा चढ्या दराने खपू लागला. एड्रिॲटिक समुद्रात क्रोएशिया आणि इटली एकाच साठ्यावर जगतात, पण इटालियन गिऱ्हाइकाला अँकोव्ही प्रिय. क्रोएशियाचे जाळे मात्र सार्डिनवर, आणि त्यातला काही भाग समुद्रातल्या पिंजऱ्यांत पोसल्या जाणाऱ्या ट्यूनाच्या तोंडी जातो. एक किलो ट्यूना वाढविण्यासाठी दहा किलोहून अधिक लहान मासा खर्ची पडतो आणि तो ट्यूना जपानला जातो. बाजाराच्या भाषेत याला मूल्यवृद्धी म्हणतात. अन्नाच्या भाषेत काय म्हणावे ते वाचकाने ठरवावे.

या सर्वांत मला अधिक बोधप्रद वाटते ते भूमध्य समुद्रातील लायन्सच्या आखाताचे उदाहरण. 2007–08 च्या सुमारापासून तेथील सार्डिन खुजी होऊ लागली. सरासरी लांबी 15 सेंटिमीटरवरून 11 वर आली, वजन सुमारे 30 ग्रॅमवरून 10 वर. संख्येने मासा काही नाहीसा झाला नव्हता, आणि शास्त्रज्ञांनी शोधाअंती बोट ठेवले ते जाळ्यावर नव्हे, तर माशाच्या खाद्यातील सूक्ष्म जीव लहान व निकस झाल्यावर. परंतु दहा ग्रॅमचा मासा कारखान्याला नको, बाजाराला नको. फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावरचा सार्डिनचा धंदा त्यामुळे बसला. समुद्रात मासा आहे आणि धंदा नाही, अशी ही अवस्था.

आता आपल्या किनाऱ्याकडे. आपली तारली प्रथम बाजारात चढली ती अन्न म्हणून नव्हे, तेल म्हणून. मलबारच्या किनाऱ्यावर थवे आले की मासा ढिगांनी सडत ठेवून त्याचे तेल काढीत. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी सर फ्रेडरिक निकल्सन यांनी 1907 मध्ये इलाख्याच्या मत्स्यखात्याचा पाया घातल्यावर तानूर येथे मासा उकळून, दाबून स्वच्छ तेल काढण्याचे आणि उरलेल्या चोथ्याचे खत करण्याचे प्रयोग केले. रीत इतकी सोपी की मलबार व दक्षिण कानड्यात अशा छोट्या कारखान्यांची संख्या शेकड्यांत गेली. तेल युरोपात चामडी कमावण्यास व तागाच्या गिरण्यांत, खत सिंहलद्वीपच्या आणि कुर्गच्या मळ्यांत. कोकण-गोव्यातही जादा आलेला मासा माडाच्या आळ्यात घालण्याची चाल जुनीच. निकल्सननंतर त्या खात्याची धुरा वाहणारे जेम्स हॉर्नेल यांनी या माशाच्या लहरीपणाचा पाठपुरावा केला. आणि 1940 नंतर मासा खरोखरच दुर्मिळ झाला तेव्हा मद्रास सरकारने 1943 मध्ये काही जाळ्यांवर व लहान माशाच्या विक्रीवर निर्बंध घालणारा हुकूम काढला. तो अंमलात आणणे जमेना म्हणून अल्पावधीतच गुंडाळावा लागला. लहान मासा वाचविण्याचा नियम आपल्या किनाऱ्यावर ऐंशी वर्षांपूर्वीही होता, आणि तो कोठे अडला तेही ऐंशी वर्षांपूर्वीच कळले होते.

कोकण व गोव्यात तारली व बांगडा पकडण्याचे जुने साधन म्हणजे रापण. एका होडीने जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकीत न्यावयाचे, आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरील माणसांनी, कधी पन्नास-साठ, कधी त्याहून अधिक, वाळूत टाचा रोवून ओढावयाचे. मिळकतीतून होडीचा व जाळ्याचा वाटा बाजूला काढला की उरलेले ओढणाऱ्यांत वाटले जाई, आणि दोराला हात लावणाऱ्या म्हातारीच्या टोपलीतही मूठभर तारली पडत असे. मी या पद्धतीचे सोवळे गोडवे गाणार नाही. तिच्यातही जाळ्याचा मालक मोठा वाटा घेई, आणि थवा किनाऱ्याशी न आल्यास सारा गाव रिकाम्या हाताने बसे. पण तिच्यात एक आपोआप चालणारा निर्बंध होता: किनाऱ्यापर्यंत जो मासा येईल तोच पकडता येई.

पर्ससीन जाळ्याने हा निर्बंध मोडला. थवा जेथे असेल तेथे जाऊन, त्याला वेढा घालून, खालचा दोर आवळला की अख्खा थवा नौकेत. गोव्यात 1970 च्या दशकात कर्जांच्या व अनुदानांच्या आधारे यांत्रिक नौका वाढल्या, त्यांतील कित्येकांचे मालक पिढीजात मच्छीमार नव्हते. रापणकारांनी मातान्ही साल्दान्हा यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन उभारले त्याचा परिणाम म्हणून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. महाराष्ट्राने पाठोपाठ 1981 चा कायदा केला. तरीही मालवणच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार व पर्ससीनवाले यांच्यात संघर्ष धुमसतच राहिला, आणि पर्ससीनच्या प्रश्नाचा अभ्यास करण्यास नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 2016 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मोकळे ठेवले आणि परवान्यांची संख्या उतरती करण्याचे ठरविले. 2017 मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या उजेडात थवे गोळा करण्यास मनाई केली. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात दंडाची कलमे कडक झाली. जाहीरनाम्यांची उणीव म्हणून नाहीच.

मध्यंतरी समुद्र स्वतःच बदलू लागला. पूर्वी तारली मुख्यतः आठव्या ते चौदाव्या अक्षांशांच्या दरम्यान, म्हणजे केरळ-कर्नाटकात मिळे. 1985 नंतर ती उत्तरेकडे, गोवा-महाराष्ट्राच्या पाण्यात, ठळकपणे आढळू लागली, आणि शास्त्रज्ञ याचे कारण पाण्याच्या वाढत्या उबेत शोधतात. 2012 मध्ये केरळात 3 लाख 90 हजार टन आणि देशभरात 7 लाख टनांहून अधिक तारली उतरली. नौका वाढल्या, कर्जे वाढली. 2021 मध्ये केरळचा आकडा 3,297 टनांवर आला, म्हणजे शंभरातला एकही हिस्सा उरला नाही. पुढे थवे परतले, दोन वर्षांत लाखाचा आकडा पुन्हा ओलांडला. आणि 2024 च्या उत्तरार्धात मासा उदंड असूनही वाढ खुंटलेला निघाला, भाव कोसळले, नौकेचे डिझेलही सुटेना. लायन्सच्या आखातात जे घडले त्याच्याशी हे ताडून पाहावे.

वाईट वर्ष मच्छीमाराला बुडविते हे कोणालाही कळते. चांगले वर्ष त्याला का तारत नाही, हे कळण्यासाठी बंदरावर माल उतरताना पाहावे लागते. तारली तासातासाला मऊ पडते; बर्फ दुसऱ्याचा, वाहन दुसऱ्याचे, आणि हंगामाच्या आरंभी जाळ्यासाठी व खलाशांच्या उचलीसाठी ज्या व्यापाऱ्याने रक्कम दिली, माल त्यालाच घालावयाचा असा अलिखित करार. कित्येक धक्क्यांवर मासा तोलला न जाता टोपलीच्या मापाने जातो. खाण्यासाठी जो उचलला जात नाही तो माशांची भुकटी व तेल करणाऱ्या कारखान्यांकडे जातो, तेथून त्याचा मोठा भाग कोळंबीच्या खाद्यात. हा कारखाना पडत्या भावाला आधार देतो, हे त्याच्या बाजूने मान्य केलेच पाहिजे; परंतु बोटभर मासा पकडून आणण्याची शिक्षा बाजाराने द्यावयाची ती हा आधार माफ करून टाकतो, आणि पुढल्या वर्षीचा मासा यंदाच भुकटीच्या दराने विकला जातो. सरकारी मदत येते ती डिझेलवरील कराच्या परताव्याच्या रूपाने, म्हणजे जो अधिक हिंडेल त्याला अधिक, आणि तीही थकून थकून. मासा न पकडण्याबद्दल आपण कोणाला काही देतो ते बहुधा पावसाळ्यातील 61 दिवसांच्या बंदीपुरते.

युरोपाशी तुलना करताना एक आक्षेप निघतो, आणि तो खरा आहे. पोर्तुगालच्या सार्डिन-नौका दोनशेच्या आत-बाहेर मोजता येतात, आपल्याकडे होड्या हजारोंनी आहेत. तेथील गिऱ्हाईक डब्याला चार-पाच युरो मोजते, आपल्याकडे तारली हे गरिबाचे प्रथिन आहे, आणि ती महाग करून मच्छीमाराचे भले साधणे म्हणजे एका गरिबाच्या ताटातले दुसऱ्याच्या ताटात वाढणे. डबाबंद उद्योगाचे स्वप्नही मी पाहत नाही; पत्र्याचा डबा आणि तेल यांचाच खर्च आपल्याकडे माशाहून अधिक होतो. परंतु लिलावघर, तराजू आणि नोंदवही यांना श्रीमंत गिऱ्हाईक लागत नाही. केरळने 2015 मध्ये तारलीसाठी 10 सेंटिमीटर ही किमान लांबी ठरविली, युरोपात ती 11 आहे. महाराष्ट्रानेही 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना किमान लांबीचा नियम लावला. म्हणजे कायद्याच्या कागदावर आपण आणि ते एका सेंटिमीटरच्या अंतरावर आहोत. अंतर आहे ते मासा उतरल्यापासूनच्या पहिल्या तासात.

म्हणून महाराष्ट्राच्या मत्स्यखात्याने आणि मच्छीमार सहकारी संस्थांनी नव्या परवान्यांचे व नव्या अनुदानांचे वाद काही काळ बाजूला ठेवून मिरकरवाडा, मालवण, हर्णै, ससून डॉक अशा मोजक्या बंदरांवर तारली-बांगड्याची पहिली विक्री तोलून, उघड्या लिलावाने आणि नौकेच्या नावे नोंद करूनच होईल एवढी एक तजवीज करावी, आणि हंगामाच्या आरंभीची उचल व्यापाऱ्याऐवजी संस्थेकडून मिळण्याची सोय तिला जोडावी. हे दोन्ही साधल्यावाचून काढलेला प्रत्येक हुकूम 1943 च्या हुकुमाच्याच फायलीत जाऊन बसेल.